दाजी, विमानतळावर मिसळीचं हॉटेल टाकू या का?

आमची शेड गोकुळ शिरगावला आहे. उजळाईवाडीचा विमानतळ इतका जवळ की विमान उतरताना शेडमधला ग्राइंडर बंद असला तरी फोनवरचं ऐकू येत नाही. काम स्टेनलेस स्टीलचं. हॉटेलांची काउंटरं, सिंक, कामाची टेबलं, धूर ओढणारे हूड. मध्यंतरी त्यातली दोन-तीन कामं मोठ्या शहरांतल्या विमानतळांवर झाली. तेव्हापासून घरच्या प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी मला गाठून विचारतोच, तिथं चहा एवढा महाग का?

यंदा प्रश्न जरा वेगळा आला. माझ्या मेहुण्याचं मिसळीचं हॉटेल आहे आणि बरं चालतं. कुठल्याशा मोठ्या विमानतळावर दोन तास बसून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर हजर. "दाजी, तिथं पिझ्झा हाय, इडली हाय, पण कोल्हापुरी मिसळ न्हाई. एक गाळा घ्यायचा, चार टेबलं टाकायची, शेगडी मांडायची. हाय काय आन् न्हाय काय!"

त्याला समजावता समजावता दोन चहा संपले.

रस्त्यावरच्या हॉटेलाचं गणित गाळ्यापासून सुरू होतं. विमानतळावर ते दारापासून सुरू होतं. तुमचा वेल्डर, त्याचा पाना, सिमेंटची गोणी, कांद्याचं पोतं, तो कांदा चिरायची सुरी आणि शेवटी तो खाणारा गिऱ्हाईक, सगळ्यांना तपासणीतून आत जावं लागतं. सुरी आणि पाना तर नुसते आत जाऊन भागत नाही, ते मोजून बाहेरही यावे लागतात. बांधकाम असो, स्वयंपाक असो की मेनूवरचा दर, तिथली जवळपास प्रत्येक विचित्र गोष्ट या एका दारापाशी येऊन थांबते.

दारावर कोण असतं

डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ या विमानाचं अपहरण होऊन ते कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर आपल्याकडच्या विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडे सोपवायला सुरुवात झाली. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर हा पहिला विमानतळ त्यांच्या ताब्यात गेला. नियम ठरवणारी संस्था वेगळी. ती म्हणजे नागरी विमान सुरक्षा ब्यूरो, सगळे तिला बीकॅस म्हणतात. आत काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मॅनेजर असो की भांडी घासणारा पोरगा, विमानतळ प्रवेशाचा पास लागतो. त्यासाठी पोलीस पडताळणी होते, तीत काही आठवडे जातात. पासवर लिहिलेलं असतं की हा माणूस कुठल्या भागात जाऊ शकतो. हॉटेलधंद्यात वेटर आज आहे तर उद्या नाही, हे मेहुण्याला मी सांगायची गरज नव्हती. "म्हंजे एक पोरगं पळालं की दुसरं यायला महिना?" त्याने स्वतःच विचारलं. तेवढा नाही लागला तरी सकाळी फोन करून दुपारी पोरगा उभा करता येत नाही, हे खरं.

टर्मिनलचे दोन भाग असतात. तपासणीच्या अलीकडचा आणि पलीकडचा. खरा धंदा पलीकडे. तपासणी होईपर्यंत माणसाच्या डोक्यात रांग, बेल्ट, लॅपटॉप एवढंच असतं. ती पार पडली की त्याला एकदम भूक लागते. त्यामुळे सगळ्यांना गाळा पलीकडे हवा असतो, आणि दाराचा जाचही तिथंच जास्त.

आमच्याच एका रात्रीची गोष्ट. विमानतळाचं नाव सांगत नाही. हत्यारांची पेटी आत नेताना यादी द्यावी लागते. ड्रिल मशीन १, पाने ६, पक्कड २, ड्रिल बिट ८, असं. बाहेर पडताना तीच यादी पुन्हा मोजून घेतात. पहाटे सव्वाचारला बिट भरले सात. एखादा बिट हरवला तर शेडमध्ये आपण शिवी देऊन नवा काढतो. इथं तसं नाही. तपासणीच्या पलीकडे एक टोकदार लोखंडी वस्तू बेवारस पडली आहे, असा त्याचा अर्थ होतो. कुणी बाहेर जायचं नाही. आम्ही पाच जणं गुडघ्यावर बसून मोबाईलच्या उजेडात पत्र्याचा कीस चाळत होतो. पाऊण तासाने बिट सापडला, ड्रिलच्याच तोंडात. कुणी काढलाच नव्हता! तपासणारा जवान हसलासुद्धा नाही. त्याने शांतपणे आठ आकड्यावर टिक केली.

बंद न होणारी इमारत

मॉलमधलं काम दुकानं बंद झाल्यावर करता येतं. टर्मिनल बंद होत नाही. मुंबईचंच घ्या, वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी. आंतरराष्ट्रीय विमानांची मोठी गर्दी तर मध्यरात्री ते पहाट या वेळातच असते. देशांतर्गत बाजूला साधारण मध्यरात्रीनंतर थोडी उसंत मिळते आणि पहाटेच्या पहिल्या विमानांची माणसं चारपासूनच यायला लागतात. म्हणजे कागदावर रात्रपाळी सहा तासांची, पण हत्यारं आत न्यायची, मोजायची, आवरायची आणि परत मोजायची म्हटल्यावर हातात खरे तीन-साडेतीन तास उरतात. बाहेर पंधरा दिवसांत होणारं काम तिथं दोन-अडीच महिने खातं ते यामुळेच. माणसं जास्त लावून उपयोग नसतो, पास तेवढेच असतात.

काम चालू असलेल्या गाळ्याभोवती छतापर्यंत पडदी उभी करतात. बाहेरून 'लवकरच येत आहे' आणि झक्क फोटो, आत आम्ही. पडदी नुसती दिसण्यासाठी नसते. ती धूळ अडवते, आणि धूळ हा तिथला मोठा शत्रू आहे. छताला धूर ओळखणारी यंत्रं असतात. टाइल कापताना उडणारी बारीक पूड त्यांना धुरासारखीच वाटते. एका कटरपायी अख्ख्या टर्मिनलमध्ये आगीचा भोंगा वाजू शकतो. म्हणून आपल्या भागातली यंत्रं परवानगीने, कामापुरतीच झाकायची आणि निघताना आठवणीने उघडायची.

वेल्डिंग म्हणजे त्याहून वरचढ. ठिणगी उडणाऱ्या कुठल्याही कामाला वेगळी परवानगी लागते, शेजारी अग्निशामक घेऊन एक माणूस उभा करावा लागतो, आणि काम संपल्यावरही त्याने अर्धा-एक तास तिथंच थांबायचं असतं. ठिणगी लाकडाच्या सांध्यात धुमसत राहते आणि सगळे गेल्यावर पेट घेते, म्हणून. यातून आम्ही एकच शिकलो. सगळं शेडमध्ये करायचं आणि तिथं नुसतं नट-बोल्टने जोडायचं.

हे शिकायला पैसे मोजले, बरं का. पहिल्या कामात नऊ फुटी काउंटर एकसंध केलं. सांधा नाही, आरशासारखं पॉलिश, मी स्वतः खूश. माल चढवायच्या लिफ्टच्या दाराचं माप आम्ही घेतलं होतं, लिफ्टच्या आतल्या लांबीचं घेतलं नव्हतं. काउंटर सात फूट आत गेलं आणि दोन फूट बाहेर राहिलं. तिरकं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. जिन्याने न्यायला प्रवासी आडवे. पहाटे ते गाडीत घालून परत आणलं, कापून तीन तुकडे केले आणि आतून पट्ट्या लावून बोल्ट केले. आता कुठलंही चित्र काढायच्या आधी आम्ही माल उतरायच्या जागेपासून गाळ्यापर्यंतचा सगळा रस्ता टेप घेऊन चालतो. दारं, वळणं, लिफ्ट सगळं. सामान तपासायच्या एक्स-रे मशीनचं तोंडही मोजतो. एक सर्रास दिसणारं मशीन ६० बाय ४० सेंटिमीटरच्या तोंडाचं असतं. त्यात न मावणारी प्रत्येक वस्तू हाताने तपासली जाते, आणि त्यात वेळ जातो.

शेगडी नाही, मग फोडणी कशी?

इथं मेहुण्याचा चेहरा पडला. बहुतेक टर्मिनलमध्ये गॅसचा सिलिंडर आत नेताच येत नाही. कुठं पाइपमधून गॅस असतो, पण बहुतेक गाळ्यांत उघड्या ज्वाळेला मनाईच. सगळं विजेवर. इंडक्शन, वाफेची भट्टी, गरम ठेवायची काउंटरं. म्हणजे गाळा घेताना चौरस फुटांइतकाच महत्त्वाचा प्रश्न, वीज किती किलोवॉट मिळणार? हॉटेलातली एक इंडक्शन शेगडी साडेतीन ते पाच किलोवॉट खाते, दहा ट्रेची मोठी भट्टी अठरा-एकोणीसपर्यंत जाते. दोन शेगड्या, एक भट्टी, फ्रीज, चहाचं मशीन, भांडी धुवायचं मशीन धरलं की आकडा चाळीस किलोवॉटच्या घरात जातो. गाळ्याला तीसच मंजूर असतील तर मेनू बदला.

धुराची गोष्ट त्याहून बारीक. हूडने ओढलेली हवा बाहेर टाकावी लागते, आणि टर्मिनलच्या काचेच्या भिंतीला आपण भोक पाडू शकत नाही. धूर ठरलेल्या नळीतूनच छतावर जातो, वाटेत एका यंत्रात विजेच्या भाराने तेलाचे कण वेगळे काढले जातात, वासासाठी कोळशाची गाळणी असते. दुसरं, जेवढी हवा ओढली तिच्या साधारण ऐंशी टक्केच ताजी हवा आत सोडतात. त्यामुळे स्वयंपाकघरात दाब किंचित कमी राहतो आणि बाहेरची हवा आत येत राहते, आतली बाहेर जात नाही. हे चुकलं तर? आपल्याकडे लाल तिखटाची फोडणी बसली की गल्लीतली माणसं खोकतात आणि वरून 'वास भारी सुटलाय' म्हणतात. गेट नंबर बारावर तीनशे परगावची माणसं एकदम ठसकायला लागली तर कुणी तसं म्हणणार नाही.

हूडमध्येच आग विझवायची सोयही असते. तेलाला लागलेल्या आगीवर पाणी मारलं तर ती उसळते, म्हणून तिथं खास रसायनाचा फवारा बसवतात. ते तेलावर साबणासारखी साय धरतं आणि आग गुदमरते.

तर्री कुठं जाते

सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारं काम म्हणजे सांडपाणी. गाळा कुठंही असतो, गटाराची जोडणी मात्र एका कोपऱ्यातच. सिंकपासून तिथपर्यंत उतार द्यायचा तर स्वयंपाकघराची जमीन सहा इंच ते फूटभर उचलावी लागते. म्हणून तर अशा हॉटेलांत आत शिरताना पायरी किंवा उतरंड लागते. स्लॅबला भोक पाडणं सोपं नाही, कारण मोठ्या टर्मिनलच्या स्लॅबमध्ये अनेकदा ताणलेल्या पोलादी दोऱ्या असतात. यंत्राने आतलं पाहिल्याशिवाय छिद्र पाडलं आणि दोरी तुटली तर प्रकरण गाळ्यापुरतं राहत नाही. शिवाय खाली काय आहे ते कोण सांगणार? बॅगांचे पट्टे असू शकतात. आपल्या सिंकची गळती कुणाच्या तरी सुटकेसवर. म्हणून वॉटरप्रूफिंग झालं की जमिनीवर पाणी भरून एक-दोन दिवस ठेवतात आणि खालून छत बघतात. तोवर टाइल बसवायची नाही.

सिंकखाली तेल अडवणारी पेटी बसवतात. तिचं तत्त्व आपल्या मिसळीच्या वाटीतच दिसतं. रस्सा स्थिर राहिला की तर्री वर येते. पेटीत पाण्याचा वेग मंदावतो, तेल वर तरंगतं, खरकटं तळाला बसतं आणि मधलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आडव्या पट्टीखालून पुढं जातं. गंमत अशी की पाणी उकळतं असेल तर तेल पातळ होऊन त्याच्यासोबत निसटतं आणि पुढं थंड पाइपमध्ये थिजून बसतं. म्हणून पेटी लहान नको आणि उपसायला कंटाळा नको. कोल्हापुरी कट रोज धुतला जाणार असेल तर पेटी नेहमीपेक्षा मोठी घे, असं मी मेहुण्याला स्पष्ट सांगितलं. त्याला ती तारीफ वाटली.

निम्मं हॉटेल बाहेरच

या सगळ्यावर धंद्याने काढलेला तोडगा म्हणजे मुख्य स्वयंपाकघर विमानतळाबाहेर ठेवायचं. चिरणं, वाटणं, शिजवणं तिथं. पदार्थ झटकन गार करून पाच अंशांच्या खाली ठेवायचा, तपासणीतून आत आणायचा आणि गिऱ्हाइकासमोर फक्त कडक गरम करून वाढायचा. गरम ठेवायचाच असेल तर साठ अंशांच्या वर. मधल्या तापमानात जंतू वाढतात, म्हणून कोमट टोप चालत नाही. कांदा बाहेर चिरून आला की आत सुऱ्याही कमी लागतात. ज्या लागतात त्यांची मोजदाद असते, काही देशांत तर त्या साखळीने ओट्याला बांधून ठेवतात.

आता या चाळणीतून आपले पदार्थ घाला. मिसळ मस्त उतरते. उसळ आणि कट बाहेरून येतो, फरसाण कोरडं, कांदा-कोथिंबीर डब्यात आणि सोबत आपला ब्रेड. तीन मिनिटांत वाटी तयार. पांढरा रस्सा मात्र नाजूक. नारळाचं दूध पुन्हा गरम करताना हात चुकला की फुटतं. तांबडा तग धरतो. भडंगाला तर काहीच नको.

तीन मिनिटांवर मी अडून बसलो त्याला कारण आहे. विमानाचं गेट उड्डाणाच्या साधारण २०-२५ मिनिटं आधी बंद होतं. गिऱ्हाईक एका डोळ्याने मेनू वाचतो आणि दुसऱ्याने वेळापत्रकाचा फलक. फलक दिसत नसेल तर तो बसतच नाही. हातात बॅग असते, म्हणून टेबलांत अंतर जास्त सोडावं लागतं, म्हणजे खुर्च्या कमी. भिंतीला चार्जिंगची सोय नसेल तर तो शेजारच्या हॉटेलात जातो.

आणि तो महाग चहा

गाळा भाड्याने मिळत नाही, निविदेत मिळतो. करार बहुधा असा असतो की महिन्याला एक किमान रक्कम किंवा विक्रीतला ठरलेला टक्का, यातलं जे जास्त ते द्यायचं. समजा किमान रक्कम दहा लाख आणि टक्का तीस. विक्री पन्नास लाख झाली तर पंधरा लाख द्या. वीसच झाली तर सहा नाही, दहाच द्या, म्हणजे विक्रीच्या निम्मे. २५ मार्च २०२० पासून देशातली प्रवासी विमानं दोन महिने जमिनीवर होती तेव्हा ही 'किमान रक्कम' काय चीज आहे ते सगळ्यांना कळलं. त्यात साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के जीएसटी लावताना खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून भाड्यावरचा अठरा टक्के कर सरळ खर्चात जातो. वर चार-पाच पट वेळ चाललेलं बांधकाम, पासवाली माणसं आणि बाहेरचं दुसरं स्वयंपाकघर. चहापत्ती आणि दूध यात कुठंच नाही, हे लक्षात आलं का?

या पैशाची एक वाट फारशी कुणाला माहीत नसते. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणानुसार, विमानतळाचे दर ठरवताना दुकानं-हॉटेलं-पार्किंग यांच्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग विमानसेवेच्या हिशेबात वळता धरतात, म्हणजे विमानांकडून आणि प्रवाशांकडून घ्यायची आकारणी तेवढी उतरते. तुमच्या महाग चहातला एक घोट कुणाच्या तरी तिकिटाला हातभार लावतो. तो हातभार आपल्याला दिसत नाही आणि चहा मात्र दिसतो, ही तक्रार मला रास्त वाटते.

उलटी बाजूही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर सरकारने 'उडान यात्री कॅफे' सुरू केला. चहा १० रुपये, समोसा २०. पुढं चेन्नईतही निघाला. जागेच्या पैशाचं गणित वेगळं मांडलं तर दर उतरतो, दूध तेच असतं.

मेहुण्याने शेवटी विचारलं, "मग आपल्या उजळाईवाडीला का नको?" १० मार्च २०२४ ला उद्घाटन झालेली आपली नवी इमारत देखणी आहे, कमानी बघून जुन्या राजवाड्यांची आठवण होते. पण इथं येणारी विमानं पन्नास ते ऐंशी सीटांची. एक विमान लागलं की अर्धा तास झुंबड आणि ते उडालं की काउंटरवाला एकटा. शिवाय तिथून बाहेर पडून दहा किलोमीटरवर खरी मिसळ असताना कोल्हापूरकर तिथं कशाला खाईल? परतीचा पाहुणा खाईल, तेवढाच. मोठ्या विमानतळावर खर्च जास्त पण ओघ अखंड, लहानावर खर्च कमी पण ओघ तुटक. मला विचाराल तर त्याने आधी एखाद्या मोठ्या कंपनीच्या हाताखाली, तिच्या गाळ्यातल्या एका कोपऱ्यात सुरुवात करावी. पास, करार, गटार सगळं तिचं. कट आपला.

हे त्याला पटलं असावं. परवा तो पुन्हा शेडवर आला, डिकीत कटाचा टोप घेऊन. आमच्याकडे चाचणीसाठी एक इंडक्शन पडून आहे, त्यावर ठेवला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही, नुसती टीं टीं. टोप ॲल्युमिनियमचा, वीस वर्षं जुना, सासऱ्यांच्या हातचा. इंडक्शनला चुंबक चिकटेल असं बूड लागतं. मी खणातून एक चुंबक काढून त्याच्या हातात दिलं. मेहुणा टोप एका हातात आणि चुंबक दुसऱ्या हातात घेऊन भांड्यांच्या दुकानात गेला.